पीटरला जिंकवू नका

पीटर रॅबिटला आजवर पडद्यावर आणलेल्या आणि यापुढे आणू पाहणाऱ्या सर्व निर्माते, दिग्दर्शक, पटकथाकार आणि चित्रकारांना,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी चार वाजता आमच्याकडे गोष्टीचा तास भरतो. गेली अकरा वर्षं भरतो आहे. एरवी पंधरा-वीस मुलं येतात, परीक्षा जवळ आली की सात-आठ. या अकरा वर्षांत मुलांनी सगळ्यात जास्त वेळा मागून घेतलेलं पुस्तक माझ्या तळहातावर मावतं. त्याचा कणा दोनदा चिकटवून झाला आहे. पुस्तक इंग्रजी आहे, बिॲट्रिक्स पॉटर यांचं ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’, पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट. मी चित्र दाखवते आणि गोष्ट मराठीत सांगते.

त्या पुस्तकातल्या एका पानाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

मॅग्रेगर नावाच्या माणसाच्या मळ्यात शिरलेला पीटर हरवला आहे. अंगावरचा कोट गेला, बूट गेले. झारीत लपला होता म्हणून सगळं अंग ओलं आहे. फिरत फिरत तो भिंतीतल्या एका दारापाशी येतो. दाराला कुलूप आहे आणि खालच्या फटीतून गुबगुबीत ससा जाऊ शकणार नाही. तिथे एक म्हातारी उंदरीण दगडी उंबऱ्यावरून ये-जा करते आहे, रानात राहणाऱ्या आपल्या पोराबाळांसाठी वाटाणे आणि शेंगा नेते आहे. पीटर तिला फाटकाची वाट विचारतो. पण तिच्या तोंडात एवढा मोठा वाटाणा आहे की तिला बोलताच येत नाही. ती नुसती मान हलवते. आणि पीटरला रडू येतं.

या पानावर मी थांबते. काही बोलत नाही, पान उलटत नाही. दर वेळी खोलीत एक शांतता पसरते. पंखा ऐकू येतो, रस्त्यावरून जाणारी एसटी ऐकू येते. मग कुणीतरी काहीतरी म्हणतं. एकदा पहिलीतला एक मुलगा अगदी कळवळून म्हणाला, “तिने वाटाणा खाली ठेवायचा ना!” त्याच्या शेजारची मुलगी, थोडी मोठी, म्हणाली, “तिची पोरं वाट बघत असतील.” दोघंही बरोबर होती. त्यावर मी काय बोलणार? उंदरीण दुष्ट नाही, ती कामात आहे. जगात आपण रडत असताना समोरचं माणूस कामात असू शकतं, हे सहा वर्षांच्या मुलाला कळतंच, कारण ते त्याने घरात पाहिलेलं असतं. पुस्तक फक्त सांगतं, की हो, असं होतं.

तुम्ही पीटरला पडद्यावर नेता तेव्हा सगळ्यात आधी ही शांतता जाते, असं मला वाटतं. ती कशी जाते आणि तिच्या जागी काय येतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

ही गोष्ट मुळात पुस्तक नव्हतीच, हे तुम्हाला ठाऊक आहे. ४ सप्टेंबर १८९३ रोजी बिॲट्रिक्स पॉटर यांनी स्कॉटलंडमधून नोएल मूर या आजारी मुलाला पत्र लिहिलं. नोएल हा त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा मुलगा, वय पाच वर्षं. काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी त्या पत्राची सुरुवात आहे. मजकुराच्या मधेमधे शाईने काढलेली चित्रं. अंथरुणात पडलेल्या एका मुलासाठी ही गोष्ट जन्मली, आणि म्हणूनच तिच्या शेवटी पीटरही अंथरुणातच आहे, हे मला नेहमी जाणवतं. पुढे अनेक प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा पॉटर यांनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली. पुस्तक लहानच हवं आणि स्वस्त हवं, हा पॉटर यांचा हट्ट होता. छोट्या सशांना एका पुस्तकासाठी सहा शिलिंग कुठले परवडणार, असं त्यांचं म्हणणं. लहान हातात मावेल असं पुस्तक, डाव्या-उजव्या पानांवर एकीकडे चित्र आणि समोर दोन-चार ओळी. गोष्ट कुठे थांबवायची आणि कधी पुढे न्यायची, हे धरणाऱ्याच्या बोटांत.

मराठीत एक शब्द आहे, ससेहोलपट. शिकारी मागे लागल्यावर सशाची जी तारांबळ होते, ती. आम्ही तो माणसांसाठी वापरतो. कचेरीत खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्यासाठी, बदल्यांनी गांजलेल्या शिक्षिकेसाठी. मूळचा ससा त्यातून कधीच निसटला होता. पीटरची गोष्ट सांगताना तो शब्द पुन्हा सशाला परत मिळाला, असं मला वाटलं. कारण त्या गोष्टीत पराक्रम नाहीच, आहे ती एका दुपारची ससेहोलपट. पीटर गूसबेरीच्या जाळीत कोटाच्या मोठ्या बटणांनी अडकतो तेव्हा तो सगळं संपलं असं समजून रडायला लागतो. चिमण्या येऊन त्याला विनवतात, की अरे, जोर लाव. तो सुटतो तो कोट मागे टाकून. युक्ती नाही, डाव नाही.

कपड्यांचं तर तुमच्यातल्या चित्रकारांनी नीट बघावं. निळा कोट, पितळेची बटणं, हे पीटरचं आईने घातलेलं रूप. आधी बूट जातात, तसा तो चार पायांवर पळू लागतो आणि जास्त जोरात पळतो. मग कोट जातो आणि तो पुरता ससा होतो. जीव वाचतो तो ससा झाल्यामुळे. पॉटर यांनी घरी ससे पाळले होते. त्यांतल्या एकाचं नाव पीटर पायपर. झोपलेला, पसरलेला, कान टवकारलेला ससा त्यांनी पुन्हा पुन्हा चितारला होता. म्हणून कोट घातलेल्या पीटरच्या आतही खऱ्या सशाची हाडं दिसतात. मुलं हे बोलून दाखवत नाहीत. पण कोट गेलेल्या पानावर चित्राला हात लावतात, असं मी कितीदा पाहिलं आहे.

आता मॅग्रेगरबद्दल. आमच्या तासाला येणारी निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. मॅग्रेगर गुडघ्यांवर रांगत कोबीची रोपं लावतो आहे, हे चित्र त्यांना परकं वाटत नाही. वाफा म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागत नाही. एका मुलाने पहिल्यांदा गोष्ट ऐकली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “मग मॅग्रेगरचं नुकसान झालंच की. आमच्या भुईमुगात रानडुकरं शिरली तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नव्हते.” तोवर मी कधी हा विचार केला नव्हता. घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडलं. पॉटर यांनी मॅग्रेगरला राक्षस केलेलंच नाही. पीटर खिडकीतून उडी मारून पळतो, तेव्हा मजकूर सांगतो की खिडकी मॅग्रेगरला लहान पडली, आणि पीटरमागे धावून तो दमलाही होता. तो आपल्या कामाला परत गेला. एवढंच! पुढे तो दिसतो तो कांद्याच्या वाफ्यात खुरपणी करताना, पीटरकडे पाठ करून. त्याला त्याचं पीक आहे, सशाला त्याचं पोट आहे, आणि दोघांचं जमणं शक्य नाही. माझ्या त्या शेतकऱ्याच्या नातवाला गोष्टीत उभं राहायला जागा मिळाली, ती या दोन वाक्यांमुळे.

आणि पीटरचे बाबा. पहिल्या दोन पानांतच आई सांगते, की मॅग्रेगरच्या मळ्यात जाऊ नका, तिथे तुमच्या बाबांना अपघात झाला, मॅग्रेगरबाईंनी त्यांना पायमध्ये घातलं. सुरुवातीला मी ‘पाय’ हा इंग्रजी शब्द, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ, तसाच ठेवत असे. मुलं गोंधळून आपल्या पायांकडे बघत. आता मी म्हणते, “मॅग्रेगरकाकूंनी बाबांचं कालवण केलं.” मुलं एकदम स्तब्ध होतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, “खरंच?” मी मान डोलावते. आई हे सांगताना रडत नाही, समजूत घालत नाही. लगेच छत्री-टोपली घेऊन पाव आणायला बाहेर पडते. आमच्या तासाला बाबा नसलेली दोन मुलं येऊन गेली. त्यातल्या एकीने हे पान मला दोनदा वाचायला लावलं. का, ते मी विचारलं नाही.

आता पडद्याकडे येते. पॉटर हयात असताना, १९३६ मध्ये, डिस्नेने पीटरवर चित्रपट काढायची इच्छा दाखवली आणि त्यांनी नकार दिला. १९७१ मध्ये पॉटर यांच्या गोष्टींवर रॉयल बॅलेचा चित्रपट आला, नृत्यरचना फ्रेडरिक ॲश्टन यांची. मुखवटे घातलेले नर्तक, संगीत आणि संवाद अजिबात नाहीत. तो मी मोठेपणी पाहिला. सगळीच नृत्यं मला उमगली नाहीत, पण प्राणी बोलत नसल्यामुळे ते प्राणी वाटले, हे मात्र लक्षात राहिलं.

१९९२ मध्ये बीबीसीवर सुरू झालेली मालिका मला सगळ्यांत जवळची. ती लंडनच्या टीव्हीसी स्टुडिओत तयार झाली. रेमंड ब्रिग्ज यांच्या शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून १९८२ मध्ये ‘द स्नोमॅन’ करणारा स्टुडिओ तोच. निवृत्त होताना आमच्या एका बाईंनी वाचनालयाला जुनी डीव्हीडी दिली होती, त्यामुळे मुलांना ती दाखवता आली. जलरंगांचा ओलेपणा तिथे आहे, घाई नाही. पहिल्या भागात पीटर आणि त्याचा नात्यातला भाऊ बेंजामिन यांच्या दोन गोष्टी जोडल्या आहेत आणि तरी सगळं अर्ध्या तासाच्या आत संपतं. मुलं शांत बसून बघतात. बघून झाल्यावर पुस्तक मागतात. पडद्यावरच्या पीटरकडून याहून जास्त मी काय मागणार?

२०१२ मध्ये संगणकावर तयार केलेली मालिका आली. तिथे पीटरला बाबांची वही मिळते, त्यात मळ्याच्या खाणाखुणा आणि धडे आहेत. लिली नावाची नवी मैत्रीणही येते. मुलांना आवडते ती मालिका, मी नाकारत नाही. बाबांची वही ही कल्पनाही प्रेमाने सुचलेली आहे. पण तिथला पीटर प्रत्येक भागात सुटतो आणि सुटल्यावर जल्लोष करतो. रोज जिंकणाऱ्या सशाला रडावं लागत नाही.

आणि मग २०१८ चा मोठा चित्रपट. त्यात केस न् केस खरा वाटणारा ससा आहे. त्यावर कष्ट घेणाऱ्या कलावंतांना माझा मनापासून नमस्कार. जगभरात त्याने ३५ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली, म्हणजे तो कोट्यवधी मुलांपर्यंत पोचला. म्हणूनच त्याच्याबद्दल जास्त बोलायला हवं. म्हातारा मॅग्रेगर सुरुवातीलाच मरतो, त्याचा तरुण नातेवाईक शहरातून येतो आणि ससे आणि तो यांच्यात युद्ध पेटतं. कुंपणाला वीज, सुरुंग, सापळे. या सगळ्यात एक प्रसंग असा, की त्या तरुणाला ब्लॅकबेरीची ॲलर्जी आहे हे जाणून ससे त्याच्यावर ब्लॅकबेरीचा मारा करतात. एक त्याच्या तोंडात जाते, त्याचा श्वास कोंडतो आणि तो स्वतःच्या मांडीत इंजेक्शन टोचून घेतो.

आमच्याकडे एक मुलगी येते, तिला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, छाती घरघरते. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात हे किती अवघड आहे ते तुम्हाला कदाचित कळणार नाही. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, लाडू दाण्याचा, चटणी दाण्याची. ती वाढदिवसाला जाते तेव्हा स्वतःचा डबा घेऊन जाते, आणि तरी कुणीतरी म्हणतंच, “एक घास खाल्ल्याने काय होतंय?” तिने तो चित्रपट आतेभावाच्या घरी पाहिला. पुढच्या शनिवारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, पीटरला माहीत होतं त्याला चालत नाही ते. मग त्याने मुद्दाम का मारलं?” सगळे हसत होते, असंही म्हणाली. मी तिला काय सांगायचं?

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर अनेक देशांतल्या पालकांनी आवाज उठवला आणि आपण माफी मागितलीत. ॲलर्जीसारखी गंभीर गोष्ट हसण्यावारी न्यायला नको होती, हे मान्य केलंत. ती माफी मी त्या मुलीला मराठीत वाचून दाखवली. तिला बरं वाटलं. त्याबद्दल आभार.

पण हा प्रसंग एका चुकीच्या विनोदापुरता नाही, हे मला पुस्तक पुन्हा उघडल्यावर दिसलं. ब्लॅकबेरी पुस्तकातही आहेत. पीटरच्या बहिणी फ्लॉप्सी, मॉप्सी आणि कॉटनटेल त्या वेचायला जातात. रात्री पीटरचं पोट बिघडलेलं असतं, आई त्याला अंथरुणात घालते आणि कॅमोमाइलचा चमचाभर काढा पाजते (काढा म्हटल्याबरोबर आमची सगळी मुलं तोंड वाकडं करतात), आणि बहिणी मात्र पाव, दूध आणि ब्लॅकबेरी खातात. गोष्ट तिथे संपते. ब्लॅकबेरी म्हणजे घरी सुखरूप असलेल्यांचं जेवण. पीटरला ते मिळालं नाही, कारण आजची दुपार त्याच्या अंगावर आली आहे. त्याच्या खोडीची किंमत त्याने स्वतःच्याच पोटाने मोजली. आई त्याला एक शब्द बोलत नाही. फक्त कपड्यांचं काय केलं असेल, असं तिला वाटून जातं, कारण पंधरा दिवसांत हरवलेला हा दुसरा कोट. तुमच्या चित्रपटात तेच फळ गोळी झालं. एकदा ससा जिंकायलाच हवा असं ठरलं, की समोर शत्रू लागतो. शत्रूला हरवायला त्याचं दुबळं अंग शोधावं लागतं. दुबळं अंग सापडलं, की घरातलं फळसुद्धा शस्त्र होतं. चूक ब्लॅकबेरीच्या प्रसंगात झाली नाही. पीटरला जिंकवायचं ठरलं तिथे झाली.

मला कळतं, हजाराहून कमी शब्दांच्या गोष्टीतून दीड तास काढायचा म्हटलं की काहीतरी भरावंच लागतं. मग दीड तास काढू नका. पंचवीस मिनिटं काढा. आमच्या मुलांना पंचवीस मिनिटं पुरतात.

या पत्रातला शेवटचा भाग आपल्याकडच्या मंडळींसाठी. बिॲट्रिक्स पॉटर २२ डिसेंबर १९४३ रोजी गेल्या. त्यामुळे मूळ पुस्तक भारतात २००४ पासून आणि ब्रिटनमध्ये २०१४ पासून कॉपीराइटमधून मोकळं झालं आहे. नाव आणि चित्रांचे ट्रेडमार्क वेगळे, ते जाणकाराला विचारून घ्या. पण गोष्ट आता कुणालाही सांगता येते, पुण्या-मुंबईतल्या एखाद्या लहान ॲनिमेशन स्टुडिओलाही. कुणी मनावर घेतलंच, तर पीटरला मराठी पोरगा करू नका, त्याला तिथेच इंग्लंडच्या मळ्यात राहू द्या. फक्त आवाज आपले द्या. हरवलेला पीटर हळूहळू, इकडेतिकडे बघत चालतो, त्या चालीला पॉटर यांनी एक खास नादशब्द केला आहे. मी तिथे “टुणुक… टुणुक…” म्हणते, मधे थांबत. खुरप्याच्या आवाजाला “खर्र, खर्र, खर्र”. मुलं माझ्याबरोबर म्हणतात आणि खर्र म्हणताना आपोआप खाली वाकतात, जणू मॅग्रेगर पलीकडच्या कपाटामागेच आहे. तेवढ्यावर गोष्ट चालते. मागे ढोल-ताशे नकोत, मधे गाणं नको. पांढरं मांजर तळ्यातल्या सोनेरी माशांकडे टक लावून बसलं आहे, शेपटीचं टोक तेवढं हलतं आहे, आणि पीटर तिच्याशी न बोलताच निघून जातो, तिथे मांजरीला बोलायला लावू नका.

आणि उंदरीणबाईच्या तोंडातला वाटाणा काढू नका.

तुमच्यापैकी कुणी पीटरवर काम करणार असेल, तर आधी एका शनिवारी आमच्याकडे यावं, ही विनंती. वाचनालय स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे, गावात कुणीही सांगेल. कॅमेरा आणू नका. चारच्या आधी पोचा, चपला बाहेर काढा, सतरंजीवर मुलांमध्ये बसा. पुस्तक मी वाचेन. भिंतीतल्या दाराचं पान आलं की मी गप्प बसते, तेव्हा तुम्हीही गप्प बसा, आणि सगळ्यात आधी कोण काय बोलतं ते ऐका.

आपली नम्र,
बालविभागातल्या बाई